विजयनगरचे वकील: पायलट पोरीचा पगार बुडाला तेव्हाचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा कशाला कापला ते खाली येईलच.

वकिलांचं नाव लिहीत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे आणि ते स्वतःच म्हणाले, "काका, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको. उगीच मला खुलासे देत बसायला लागतील." विमान कंपनीचंही नाव नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. सांगलीत विजयनगरला जिल्हा कोर्टासमोर चहाच्या गाड्यावर 'पतसंस्थावाले वकील' म्हणून विचारा, चहावाला बोट दाखवतो.

मी तासगाव तालुक्यातला. साडेतीन एकर द्राक्षबाग, त्यातली निम्मी बेदाण्याला जाते. २०१९ ला माझा एक बेदाण्याचा व्यापारी ४ लाख ६० हजार घेऊन रातोरात पळाला. तेव्हा बुडालेला पैसा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या व्यापाऱ्याला शिव्या घालायला निदान त्याचं तोंड तरी माहीत होतं. पोरीची कंपनी बुडाली तेव्हा समोर कोणच नव्हतं. एक ईमेल होता, खाली 'टीम' एवढंच लिहिलेलं.

धाकटी पायलट आहे. २०० तास उड्डाण करून कमर्शियल लायसन काढलं, मग एटीआर ७२ या विमानाचं टाइप रेटिंग केलं, म्हणजे त्याच जातीचं विमान चालवायची परवानगी. सगळा खर्च ६८ लाख. त्यातले ४० लाख बँकेचे, दोन एकर तारण ठेवून. हप्ता ५५,०००. छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट म्हणून लागली तेव्हा गावात पेढे वाटले. सरपंचांनी फ्लेक्स लावला, त्यावर विमान मात्र जंबो जेटचं छापलं. पोरगी म्हणाली, "आप्पा, माझं विमान पंख्याचं आहे, ह्याच्या पंखाखाली मावेल."

पहिलं दीड वर्ष बरं गेलं. मग नवा करार आला. जुन्या करारात महिन्याला ७० तासांचा पगार पक्का होता, उडा नाहीतर न उडा. नव्यात ४० तासांचाच पक्का, बाकी उडाल तसं. तीन दिवसांत सही करा. ही काही हिच्याच कंपनीची अक्कल नव्हे. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा ह्या विमान कंपनीत ह्याच ७० आणि ४० वरून पायलट बिनसले होते आणि विमानं रद्द झाली होती. पण ती टाटांची कंपनी होती, तिथं आवाज ऐकू जायचा. आमच्याकडं बारा जणांनी सही केली नाही, त्यात धाकटी. डिसेंबरपासून पगार थांबला, सही केलेल्यांचाही. मग करारावरचं भांडण कुणाला आठवायचं? पगाराची पावती मात्र मार्चपर्यंत दर महिन्याला वेळेवर ईमेलवर यायची, खाली निव्वळ रक्कम १,३२,००० छापलेली. एप्रिलमध्ये, आमच्याकडं खरड छाटणी चालू होती तेव्हा, विमानं उभी राहिली.

"मग सोडून दे की नोकरी," असं मीही म्हटलं होतं. तसं जमत नाही. २०१७ पासून नियम असा आहे की को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आणि कॅप्टनला वर्षाची. कंपनीनं ना-हरकत दिली तरच लवकर सुटका. वर तीन वर्षांचा १५ लाखांचा बाँड आणि त्यापोटी दिलेला सहीचा कोरा चेक. म्हणजे पगार देणार नाही, सोडणार नाही आणि सोडलंच तर १५ लाख द्या. आमच्या गड्यालासुद्धा आम्ही असं बांधत नाही.

मेहुणा एसटीत आहे, तासगाव डेपोला. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंतचा संप त्यानं भोगला आहे. तो म्हणाला, "दाजी, आमचा पगार बुडाला, पण एसटी जागेवर होती. हिची तर गाडीच भाड्याची." ह्या वकिलांचा पत्ता त्यानंच दिला. त्याची पतसंस्थेत अडकलेली ठेव त्यांनी थोडीफार सोडवली होती.

ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. बाकड्यावर आमच्या आधी सात माणसं. एक म्हातारे गृहस्थ साखर कारखान्यातनं निवृत्त झालेले, ग्रॅच्युइटीसाठी नऊ वर्षं खेटे घालणारे. त्यांनी पोरीला विचारलं, "बाळ, तुझा कुठला कारखाना?" ती म्हणाली, "विमानाचा." म्हातारे म्हणाले, "असू दे, असू दे, सगळ्यांचं सारखंच असतंय."

खरं सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. वकीलसाहेब कागद चाळत म्हणाले, "टाइप रेटिंग म्हणजे टायपिंगची परीक्षा का?" पोरगी माझ्याकडं बघायला लागली. पण मग त्यांनी वही काढली आणि अर्धा तास तिलाच प्रश्न विचारले. विमान कुणाच्या मालकीचं, तास कोण मोजतं, लायसन कुणाच्या ताब्यात, दर सहा महिन्यांनी तपासणी कोण घेतं. उत्तरं लिहून घेतली, न कळलेल्याखाली रेघ मारली. हुशार माणसापेक्षा मला असा माणूस परवडतो.

मग त्यांनी पोरीचा मोबाईल घेतला आणि पीएफचं पासबुक उघडायला सांगितलं. डाव्या हाताला पगाराच्या पावत्या, उजव्या हाताला मोबाईल. ऑगस्टची पावती, कपात १,८००. पासबुकात ऑगस्ट जमा. सप्टेंबर, कपात १,८००, जमा. ऑक्टोबर, कपात १,८००. बोट पासबुकावर खाली सरकवलं, ऑक्टोबर नाहीच. नोव्हेंबर नाही. साहेबांनी लाल पेनानं पावतीवर ऑक्टोबरला गोल केला आणि म्हणाले, "ताई, पगार डिसेंबरला थांबला असं तुम्ही म्हणता. कंपनी ऑक्टोबरलाच थांबली होती. तुम्ही दोन महिने मेलेल्या कंपनीचं विमान चालवलं."

पोरगी काही बोलली नाही. दर महिन्याला बघायला पाहिजे होतं एवढंच नंतर म्हणाली. तुमच्या घरात कुणी खाजगी नोकरीत असेल तर हे आजच बघा, वकिलाकडं जायची वाट बघू नका.

तिचे १,८०० आणि कंपनीचे तेवढेच, असे मेअखेर आठ महिन्यांचे २८,८०० होतात. मी म्हटलं, साहेब, इथं आठ लाखांची गोष्ट आणि तुम्ही अठ्ठावीस हजार मोजताय. तर म्हणाले, "काका, रक्कम चिल्लर आहे, पण हा पैसा कंपनीचा नव्हेच. त्यामुळं तो रांगेत उभा राहत नाही." जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांचं हेच झालं होतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या म्हणून कंपन्यांच्या दिवाळखोरीची अपिलं ऐकणाऱ्या लवादानं २०२२ ला सांगितलं आणि जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. शिवाय पगारातनं कापून न भरणं ही फौजदारी बाब. कंपनीशी बोलताना हातात काहीतरी लागतं, ते हे.

रांगेची गोष्ट त्यांनी जशी सांगितली तशी मला कुणी सांगितली नव्हती. दिवाळखोरी कायद्यात पैसे वाटायचा जो क्रम आहे त्याला वॉटरफॉल म्हणतात. पोरीनं इंटरनेटवर वाचून मला 'धबधबा' म्हणून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "धबधबा नाही, कालव्याचं आवर्तन म्हणा. तुम्ही म्हैसाळ, ताकारीची उपसा योजना बघितलीय ना? सगळ्यात आधी काय? पंपाचं वीजबिल. ते भरलं नाही तर पाणीच उचलत नाही. तसा इथं प्रक्रियेचा खर्च आणि आरपीची, म्हणजे बुडालेली कंपनी सांभाळायला लवाद नेमतो त्या माणसाची फी. मग हेडचे, कालव्याच्या तोंडाचे शेतकरी, म्हणजे तारण घेतलेल्या बँका, आणि त्यांच्या बरोबरीनं कामगार, २४ महिन्यांच्या थकबाकीपुरते. त्याच्या खाली कामगार नसलेले कर्मचारी, १२ महिन्यांपुरते. मग बिनतारणाचे कर्जवाले, मग सरकार. भागधारक टेलला, पार शेवटाला." मी विचारलं, आमची पोरगी कुठं? म्हणाले, "पायलट कामगार की कर्मचारी ह्याच्यावर कोर्टात जुनी भांडणं आहेत. कामगार ठरली तर हेडला, नाही तर दोन मैल खाली. आपण कामगार म्हणूनच लिहू, खोडू दे त्यांना."

आणि तळ्यात पाणी किती? हा माझा प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं दिवाळखोरीतल्या स्थगितीतून बाहेर काढली. म्हणजे कंपनी दिवाळखोरीच्या लवादात गेली की कर्जवाले, कामगार सगळे थांबायचे, पण विमानाचा मालक आपलं विमान घेऊन जाऊ शकतो. त्याआधी गो फर्स्ट ही विमान कंपनी बुडाली त्या वेळी मालकांना ५४ विमानं सोडवून न्यायला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं होतं, निकाल एप्रिल २०२४ ला लागला. मालकांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच आहे. माझा ट्रॅक्टर कुणी भाड्यानं नेला आणि दिवाळं काढलं तर मीपण ट्रॅक्टर आधी आणीन. पण मग मागं उरतं काय? विमान भाड्याचं, ऑफिस भाड्याचं, पायऱ्यासुद्धा विमानतळाच्या. विकायला राहते ती पाटी.

साहेबांनी दोन कंपन्यांच्या तारखा कागदावर लिहून दिल्या. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, सुप्रीम कोर्टानं मालमत्ता विकून मोकळं व्हा म्हणून सांगितलं ७ नोव्हेंबर २०२४ ला. गो फर्स्ट ३ मे २०२३ ला थांबली, तिच्या लिक्विडेशनचा, म्हणजे विकून गुंडाळायचा आदेश २० जानेवारी २०२५ ला. "पगाराची आशा ह्या हिशोबानं धरा. हप्ता ह्यावर अवलंबून ठेवू नका. दावा करायचा, पण मागं लागायचं ते कागदाच्या."

कागद म्हणजे काय, तर इथं ते खरंच उपयोगी पडले. पायलटचं भांडवल म्हणजे तिचे तास. ते तास कंपनीच्या अधिकृत माणसानं प्रमाणित करावे लागतात. कंपनी बंद पडली, तो माणूस दुसरीकडं गेला, की पोरीनं रात्री-अपरात्री उडवलेले ११०० तास हवेतच. शिवाय ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. बाग एक हंगाम पड टाकली तर पुढच्या वर्षी फुटते, पायलट बसून राहिली की तिला पुन्हा उभं करायला स्वतःच्या खिशातनं सिम्युलेटर लागतो. म्हणून साहेबांनी पगाराच्या दाव्याआधी चार ओळींचं पत्र पाठवलं: तास प्रमाणित करा, तपासणीचे दाखले द्या, ना-हरकत द्या, आणि पगार थकवून करार आधी तुम्ही मोडला असल्यानं बाँडचा चेक वापरू नका. पीएफचा तक्ता सोबत. धाकटीचे काही सहकारी न सांगता निघून जायच्या बेतात होते. तिनं विचारलं तेव्हा साहेब नको म्हणाले. २०२३ मध्ये अकासा ह्या विमान कंपनीचे ४३ पायलट नोटीस न देता गेले तेव्हा कंपनी थेट हायकोर्टात गेली होती. "समोरचा बुडतोय म्हणून आपण नियम मोडायचा नाही. बुडणाऱ्याच्या हातात आपलं मनगट कशाला द्यायचं?"

जूनमध्ये लवादात कंपनीच्या दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली गेली आणि आरपी नेमला गेला. मग 'फॉर्म डी', म्हणजे कर्मचाऱ्याच्या थकबाकीच्या दाव्याचा अर्ज भरला. इथं साहेबांकडून चूक झाली. पहिल्या मसुद्यात फक्त पगार धरला, सहा महिन्यांचे ७,९२,०००. बाहेरगावी मुक्कामाचा भत्ता ४१,००० राहिलाच. पोरीच्या लक्षात आलं म्हणून बरं, मुदत चार दिवसांवर होती. त्यांनी चूक कबूल केली, दुरुस्त मसुद्याचे पैसे घेतले नाहीत. आरपीनं आतापर्यंत चार महिन्यांचे ५,२८,००० मान्य केलेत. एप्रिल-मे मध्ये विमानं उभी होती म्हणून त्याचं 'विचाराधीन', भत्त्याचे पुरावे मागितलेत. मान्य म्हणजे वहीत मान्य. हातात शून्य.

मधल्या काळात पोरगी रात्री बसून परदेशातली प्रकरणं वाचायची. अमेरिकेत सिनसिनाटीला कोमएअर म्हणून अशीच छोट्या मार्गांची कंपनी होती, डेल्टाच्या मालकीची. २००१ ला तिथल्या पायलटांनी ८९ दिवस संप केला आणि करार मिळवला. २००५ ला डेल्टासकट कंपनी दिवाळखोरीत गेली. तिथल्या कायद्यात आधी वाटाघाटी करून, मग कोर्टाच्या परवानगीनं युनियनचा करार मोडता येतो. २०१२ च्या सप्टेंबरला कंपनीच बंद झाली. मी साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यांच्याकडं करार मोडायलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते, काका. आपल्याकडं ईमेल पुरतो." आणि पुढचा अशील बोलावला.

ना-हरकत ऑगस्टमध्ये आली. मी औषध मारत होतो, पोरगी मोबाईल घेऊन बागेत पळत आली, अंगावर फवारा उडाला तरी थांबली नाही. तास प्रमाणित होऊन आले, फक्त १४ तासांचा फरक निघाला, तो तिनं सोडून दिला. पण एटीआर चालवणाऱ्या कंपन्या देशात किती? इंडिगो, सरकारची अलायन्स एअर, गोव्याची फ्लाय९१, बोटावर मोजण्याइतक्या. आमच्या जवळ कोल्हापूरहून स्टार एअर उडते, पण त्यांची विमानं एम्ब्रेअर, त्याला वेगळं रेटिंग आणि वेगळे लाखो रुपये. लोक विचारतात, कवलापूरला विमानतळ झाला की पोरगी सांगलीलाच उतरवेल ना विमान? मी हो म्हणतो.

दिवाळीआधी एका कंपनीनं बोलावलं. ह्या खेपेला करार सही करायच्या आधी साहेबांकडं नेला. २,००० रुपये घेतले, १९ पानं वाचली, आणि ह्या कामाचे मी त्यांना दावा भरण्यापेक्षा जास्त मार्क देईन. तीन ठिकाणी लाल पेन. एक, बाँडची रक्कम काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी झाली पाहिजे. दोन, पगार ६० दिवसांच्या वर थकला तर बाँड रद्द. तीन, नोकरी सुटल्यावर पंधरा दिवसांत तास प्रमाणित करून द्यायचे. कंपनीनं पहिलं मान्य केलं, तिसरं 'धोरणाप्रमाणे' म्हणून टाळलं आणि दुसऱ्यावर काहीच उत्तर दिलं नाही. साहेब म्हणाले, "जे उत्तर दिलं नाही तेच खरं उत्तर. पण सही करा, घरात हप्ता आहे." पोरीनं सही केली. पीएफचं पासबुक आता दर महिन्याच्या वीस तारखेला ती मला पाठवते, मी बघतो.

फी सांगतो, कारण कुणी सांगत नाही. पहिला सल्ला ५००, पत्रं आणि दावा मिळून ११,०००, करार वाचायचे २,०००. मुंबईच्या एका ऑफिसनं फोनवरच ७५,००० सांगितले होते आणि आधी भरा म्हणाले होते. रक्कम मिळाली तर टक्का वगैरे काही नाही.

आता कापलेला तारा. वेळ दिली सहाची की नंबर येतो आठला, आणि तासगावला परतायची शेवटची गाडी चुकते. माझी दोनदा चुकली. फोन उचलत नाहीत, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेशात देतात, तेही स्कूटर चालवत, निम्मं हॉर्नमध्ये जातं. दाव्याची पोच मागायला मला तीन चकरा पडल्या. गाडी लावायला जागा नाही, कोर्ट चालू असताना चारचाकी नेऊच नका. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

मंगळवारी आणि शनिवारी सहानंतर बसतात. नेमणुकीचं पत्र, सगळ्या पगाराच्या पावत्या, बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक घेऊन जा, नाहीतर परत पाठवतात. झेरॉक्स घरूनच काढून न्या, खालचा पानाला ३ रुपये घेतो.